फाटकाची रुंदी

लसीकरणाच्या जुन्या तक्त्याची मागची बाजू कोरीच होती,
तिच्यावर मी घर काढलं. दोन खोल्या, मागं न्हाणी,
बोअर, शेवग्याचं झाड,
भोवताली तुटक रेघ: कुंपण.
एकशे ऐंशी फूट भरलं सगळं मिळून.
निकेश मडावीनं टेप धरला, मी आकडे लिहिले.
बाई, तो म्हणाला, अक्षर अजून दवाखान्याचंच आहे तुमचं.

चोरीला गेलं ते असं:
मोटरीची तांब्याची तार, दोनदा.
पितळेचा गुंड.
एक कोंबडी, पण ती बहुतेक रानमांजरानं नेली,
तिला यादीतून खोडलं.
हैदराबादहून हेमराज फोनवर म्हणतो, आई,
चारही बाजू कव्हर झाल्या पाहिजेत, पैशाचं पाहू नको.

निकेश सांगत जातो, मी खुणा करत जाते.
दाराला चुंबक. जोडीतला एक दुरावला की दुसरा ओरडतो.
(एवढंसं दुःख, आणि केवढा आवाज.)
शेवग्याखाली कॅमेरा नको,
पानं हालली तरी रातभर फोन येतीन तुमाले.
मागच्या अंगाला झटका मशीन, धुऱ्यावर लावतात तीच,
डुकरासाठी. मरत नाही कोणी, दचकून मागं सरतं.
मोहफुलांच्या दिवसांत वाघ नहराच्या पाळीवरून गेला होता,
पोरांनी त्याच्या पावलावर घमेलं पालथं घातलं,
गार्ड येईपर्यंत.
त्याच्यासाठी काही लावायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं.
तो आपल्या वाटेनं जातो.

ओट्यावर पांढरा डोळा.
हा काय ओळखतो रे?
गरम आंग. बस. दुसरं काई नाई.

एवढं तर मीही ओळखत होते एकतीस वर्षं,
कपाळावर पालथा हात ठेवून.
पण मग मी विचारायची: कधीपासून आहे,
लघवी होते का, पोर दूध ओढतं का.
हा विचारत नाही.
हा सरळ भोंगा वाजवतो.

माझं दार रात्रीच वाजायचं.
मुठीनं वाजलं की बाळंतपण.
कडी नुसती थरथरली की साप,
हातातलं बळ गेलेला कोणी भाऊ, कोणी बाप.
आणि बोटांच्या टोकांनी, थांबून थांबून,
ती कोणाची तरी सून,
सासूला न सांगता आलेली.
चोर दार वाजवत नाही, हे खरं.
पण डोळ्याला कान कुठून आणायचे?

निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत दार किती वेळा वाजलं,
मोजलं मी. चार.
त्यातला एक रस्ता चुकलेला थ्रेशरवाला.

तरी फाटकाशी येऊन पेन्सिल थांबली.
अडीच फूट ठेवू, निकेश म्हणाला,
जेवढं अरुंद तेवढं बरं, एकाच सेन्सरमध्ये भागते.
पाच, मी म्हटलं.
पाच काहून?
खाट आणतात रे. मधे खाट, दोन्ही अंगांनी माणसं.
अडीच फुटात खाट आत येईल,
उचलणारे बाहेर राहतील.
आता एकशेआठ येते ना, बाई. खाट कोन आनते?
येते. पऱ्ह्याला पाणी असलं
की पलीकडं उभी राहते, दिवा फिरवत.

तो बोलला नाही. टेप पुन्हा ओढला.
पाच फूट म्हणजे दोन सेन्सर, साडेअकराशे वर.
हेमराजला सांगू नको, एवढं मात्र मी बजावलं.

अंधार पडता पडता तो गेला,
बॅटरी रातभर भरू द्या म्हणून.
मी फाटकाबाहेर जाऊन पाहिलं, आत येऊन पाहिलं,
मग काय वाटलं कोण जाणे,
आपलंच दार बाहेरून मुठीनं वाजवलं.

भोंगा गप्प. पांढरा डोळा गप्प.
समोर फुलवंताचा दिवा लागला,
आणि तिनं खिडकीतूनच हाक दिली:
कोनाचे दिवस भरले, सिस्टरबाई?